वाढलेले केस टिकवायचे कसे?

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की माझ्या दोन्ही मुलींचे केस त्यांच्या बाबांवर गेलेत, घट्ट बारीक स्प्रिंगसारखे, आणि ते सांभाळायला मी अटलांटात माझ्या सासूबाईंकडून शिकले. तेवढ्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. बहुतेक पत्रं अशा घरांतली आहेत जिथे आई मराठी आणि बाबा ब्लॅक, किंवा उलटं, किंवा सून, जावई, नातवंडं. सगळ्या पत्रांत एक वाक्य मात्र हमखास आहे, "आम्हाला हे केस जमत नाहीत". जमतात. मी शिकले तर कुणीही शिकेल, फक्त आपल्या केसांसाठी जे शिकलो ते थोडा वेळ बाजूला ठेवावं लागतं.

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो, नवरा आफ्रिकन अमेरिकन आहे, मुलगी साडेचार वर्षांची. दोन वर्षं झाली तिचे केस कानाखाली उतरतच नाहीयेत. मी रोज तेल लावते, रोज विंचरते, आठवड्यातून दोनदा शाम्पू, म्हणजे माझ्या आईने माझं जे केलं ते सगळं करते. तरी केस कोरडेच. कंगव्यात बारीक बारीक तुकडे येतात आणि कंगवा दिसला की ती पळून जाते. तिचे केस वाढतच नाहीत का?

उत्तर : वाढतायत गं. तुझ्याच पत्रात उत्तर आहे, कंगव्यात तुकडे येतात म्हणालीस ना, ते नीट बघ. आपोआप गळलेला केस पूर्ण लांबीचा असतो आणि एका टोकाला पांढरा ठिपका असतो, ते मूळ. तुकड्याला तो ठिपका नसतो, म्हणजे तो मधेच तुटलाय. तिच्या डोक्यातून दर महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर केस बाहेर येतोच आहे, पण जितका येतोय तितकाच टोकाला तुटतोय, मग लांबी आहे तिथेच राहणार. आता अजून एक कर, कानामागची एक बट ओली करून हळू ताण. बहुतेक ती खांद्यापर्यंत जाईल. या केसांत आखडायची ताकद इतकी असते की अगदी घट्ट कुरळा केस सुकला की ताणलेल्या लांबीच्या एक चतुर्थांश दिसतो. तो दोष नाही, निरोगी केसाचं लक्षण आहे.

आता तुटतो का ते. आपला सरळ केस कापून बघितला तर साधारण गोल असतो, हा केस चपटा असतो आणि ज्या मुळातून येतो ते मूळच वाकडं असतं, म्हणून तो बाहेर येतानाच वळत येतो. टाळूत तेल तयार होतं पण ते इतकी वळणं उतरून टोकापर्यंत जात नाही, म्हणून टोकं कायम तहानलेली, आणि प्रत्येक वळण ही केस तुटायची एक जागा. अशा केसांवर रोज कोरडा कंगवा फिरवला तर काय होईल सांग.

मी पण तेच केलंय. थोरली दोन वर्षांची होती, सुट्टीत सासूबाईंकडे गेलो होतो, मी तिला मांडीत घेऊन कोरड्या केसांत बारीक दातांचा कंगवा घालत होते आणि पोर रडत होती. सासूबाई आल्या, काही बोलल्या नाहीत, माझ्या हातातून कंगवा घेतला, बेसिनवर गेल्या आणि पाण्याची स्प्रे बाटली घेऊन आल्या. "आधी पाणी," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर अडीच तास मी त्यांच्या शेजारी उभी राहून बघत होते. आजही मी तेच करते ते असं.

आठवड्यातून एक दिवस ठरव, फार तर दहा दिवसांनी एकदा. याला तिकडे वॉश डे म्हणतात आणि तो खरंच अर्धा दिवस घेतो, मधे फोन घ्यायचा नाही, तिचं आवडतं कार्टून लावून द्यायचं, हाताशी खायला ठेवायचं. केसांचे चार ते सहा भाग करून क्लिपा लाव. एक भाग मोकळा कर, पाण्याने ओला कर, त्यात भरपूर कंडिशनर घाल, म्हणजे केस हाताला निसरडा लागला पाहिजे. आधी बोटांनी गुंता सोडव, मग मोठ्या दातांचा कंगवा, आणि तोही टोकापासून सुरू करून हळूहळू मुळाकडे जायचं, वरून खाली ओढायचं नाही. गुंता सोडवताना त्याच्या वरचा केस मुठीत धरून ठेवायचा म्हणजे मुळाला झटका बसत नाही, पोरी रडायच्या थांबतात त्या या एका गोष्टीमुळे. सोडवलेल्या भागाचा सैल पीळ घालून ठेव, नाहीतर पुढचा सोडवेपर्यंत हा परत गुंततो.

मग शाम्पू, सल्फेट नसलेला, आणि फक्त टाळूवर, बोटांच्या पेरांनी. डोक्यावर केसांचा गोळा करून फेस करायचा नाही. लांबीला खाली वाहून येणारा फेस पुरतो. धुतल्यावर घट्टसर कंडिशनर लावून प्लास्टिकची टोपी घालून पंधरावीस मिनिटं ठेव. धू. टॉवेलने खसाखसा पुसू नको, जुना सुती टीशर्ट घेऊन दाबून दाबून पाणी टिप. केस ओलाच असताना, हे महत्त्वाचं, ओलाच असताना, न धुवायचं कंडिशनर लाव ज्याला लीव्ह-इन म्हणतात, आणि त्यावर थोडं तेल किंवा शिया बटर. ओलावा देतं ते पाणी, तेल तो ओलावा आत कोंडून ठेवतं. कोरड्या केसावर तेल लावलं तर कोरडेपणाच कोंडला जातो, तुझं रोज तेच होत होतं. शेवटी दोन पेडांचे सैल ट्विस्ट घालून टाक आणि आठवडाभर हात लावू नको. रोज विंचरायचं नाही. मला माहितीये आपल्याला हे पटायला जड जातं, न विंचरता मुलगी बाहेर पाठवली की आपल्याला कसंतरी होतं, पण ट्विस्ट घातलेलं डोकं विंचरलेलंच डोकं आहे.

रात्री सॅटिनचं बॉनेट म्हणजे झोपताना घालायची सैल टोपी, नाहीतर सॅटिनची उशी. सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि केस त्याच्यावर घासून तुटतो. सहा महिने कर आणि मग तीच कानामागची बट परत ताणून बघ.

प्रश्न : माझ्या मुलाचे केस 'फोर बी' की 'फोर सी' ते कळत नाही. पेल्यातल्या पाण्यात केस टाकून बुडतो की तरंगतो ते पण बघितलं, प्रत्येक वेळी वेगळं येतं. त्यावरून प्रॉडक्ट घ्यायचे आहेत.

उत्तर : पेल्याची टेस्ट सोडून द्या, केसावर तेल असलं किंवा बुडबुडा चिकटला तरी तो तरंगतो, त्यातून काही कळत नाही. केस किती कुरळे ते सांगणारे ते आकडे आणि अक्षरं ओप्रा विन्फ्री यांचे हेअरड्रेसर आंद्रे वॉकर यांच्या पद्धतीतून आलेत, १९९० च्या दशकातल्या, 'फोर सी' तर नंतर लोकांनीच जोडला. एकाच डोक्यावर तीन प्रकार असतात हो, माझ्या धाकटीच्या मानेवरचे केस घट्ट आणि कपाळाकडचे सैल. अक्षरापेक्षा हे बघा की केस ओला व्हायला वेळ लागतो का आणि सुकायला किती लागतो. पाणी वरून घरंगळत असेल तर कोमट पाणी आणि पातळ लीव्ह-इन वापरा, पटकन शोषून पटकन सुकत असेल तर दाट क्रीम आणि बटर. बाकी हात सांगतो.

प्रश्न : मी मेरिलँडला लेकीकडे नात सांभाळायला आले आहे. नातीचे केस फार दाट आणि कुरळे, जावयांकडचे. टाळू कोरडी वाटली म्हणून मी रोज खोबरेल तेल जिरवायला लागले, तर पांढरे पापुद्रे वाढलेच, खाजही सुटली. लेक आता मला तेलाला हात लावू देत नाही. एवढं तेल वाईट असतं का हो?

उत्तर : काकू, तेल वाईट नाही आणि तुमची माया तर नाहीच नाही. फक्त जागा चुकली. पांढरे पापुद्रे म्हणजे दर वेळी कोरडेपणा नसतो, पुष्कळदा तो कोंडा असतो, आणि कोंड्यात टाळूवर राहणारं एक बुरशीसारखं यीस्ट वाढलेलं असतं, ते टाळूच्या तेलावरच जगतं. वरून आपण अजून तेल घातलं की त्याचं फावतं. वर हे केस दाट, त्यात रोज न धुतलेले, मग तेल, धूळ, पापुद्रे सगळं एकत्र थर धरून बसतं.

तर टाळू आठवड्याने, उशिरात उशिरा दोन आठवड्यांनी शाम्पूने धुवायचीच. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञही या केसांसाठी हेच अंतर सांगतात. पापुद्रे तरी राहिले तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून औषधी शाम्पू, पण तोही टाळूपुरता, कारण तो लांबीला लागला की केस काडीसारखा होतो. गोल चकत्या पडून केस गेले, पू झाला किंवा मानेला गाठी आल्या तर मात्र घरी काहीच करू नका, तो नायटा असू शकतो, टाळूचा, आणि त्याला पोटातून औषध लागतं, वरचं मलम पुरत नाही.

आणि तुमच्या खोबरेलाला छान जागा आहे. खोबरेल हे केसाच्या आत शिरणाऱ्या मोजक्या तेलांपैकी आहे, धुण्याआधी लांबीला लावलं तर धुताना केसातलं प्रोटीन कमी जातं. तेव्हा वॉश डेच्या आदल्या रात्री टाळू सोडून, कानाच्या खालच्या लांबीला आणि टोकांना तुम्ही लावा, ते काम तुमचं. लेकीला सांगा मी सांगितलं म्हणून.

तुम्हाला एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९०६ च्या सुमाराला मॅडम सी. जे. वॉकर यांनी आपलं केसांचं मलम विकायला सुरुवात केली. त्यांचा जन्म १८६७ मध्ये लुइझियानात झाला, आईवडील गुलामगिरीतून सुटलेले, त्या स्वतः कपडे धुऊन पोट भरायच्या, आणि त्यांचे स्वतःचे केस टाळूच्या आजाराने गळायला लागले होते. लोक त्यांना केस सरळ करणारी बाई म्हणून ओळखतात पण त्यांच्या मलमात मुख्य होतं ते गंधक, टाळू बरी करायला, आणि त्यांच्या एजंट बायका घरोघरी जाऊन टाळू नियमित धुवायला शिकवायच्या. त्याही आधीपासून अ‍ॅनी टर्नबो मलोन सेंट लुईसमध्ये हेच काम करत होत्या, मॅडम वॉकर आधी त्यांच्याच मालाच्या विक्रेत्या होत्या. म्हणजे तुमची नात ज्या केसांची आहे त्या केसांत ही विद्या फार जुनी आहे काकू, आणि तिची सुरुवात स्वच्छ टाळूपासून होते.

प्रश्न : मी १६ वर्षांची आहे, ह्यूस्टनला राहते. आई मराठी, बाबा ब्लॅक. मला रिलॅक्सर करायचंय, म्हणजे केमिकलने केस सरळ. आई नको म्हणते पण कारण सांगत नाही. समरमध्ये स्टोअरमध्ये जॉबसाठी इंटरव्ह्यू आहे, माझ्या मैत्रिणीला एका ठिकाणी केस 'नीट' करून ये सांगितलं होतं. आणि खरं सांगू का, मला दमायला झालंय या केसांनी.

उत्तर : दमायला होतं, ते खोटं नाही, आणि दमलेल्या मुलीला कुणी उपदेश करू नये. पण आईने कारण सांगितलं नाही ते मी सांगते, मग तू ठरव.

केसाला वळण देणारे आतले बंध असतात, गंधकाचे. रिलॅक्सर ते तोडतं. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे कॉस्टिक सोडा, इंग्रजीत लाय, आणि 'नो लाय' लिहिलेल्या डब्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडिन एकत्र करायचं असतं, तेही तितकंच दाहक अल्कलीच, नाव ऐकून सौम्य वाटतं एवढंच. तुटलेले बंध परत जुळत नाहीत, केला तो केस कायमचा तसाच. मुळातून येणारा मात्र कुरळाच येतो, म्हणून दर दोनतीन महिन्यांनी परत लावा, आणि जिथे कुरळा आणि सरळ भेटतात त्या रेघेवर केस तुटतो. टाळूवर फोड येतात ते वेगळं. तुला वाटतंय काम कमी होईल, ते बदलतं, कमी होत नाही.

दुसरं कारण तब्येतीचं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ३३ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास छापला, जवळपास ११ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलेला. केस सरळ करायची केमिकल्स कधीच न वापरणाऱ्या बायकांत वयाच्या ७० पर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण १.६४ टक्के निघालं, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. याने कॅन्सर होतोच असं तो अभ्यास म्हणत नाही, संबंध दिसला म्हणतो, पण १६ व्या वर्षी सुरू करून पुढची पन्नास वर्षं करायची गोष्ट असेल तर मी माझ्या मुलीला हा आकडा सांगितला असता, सांगितलाच आहे.

आता जॉब. तू टेक्सासला आहेस, तिथे १ सप्टेंबर २०२३ पासून क्राउन अ‍ॅक्ट लागू आहे. हा कायदा पहिल्यांदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला आणि मग एकेक राज्य करत गेलं. त्याने कामाच्या ठिकाणी, शाळेत आणि घर भाड्याने देताना वंशाशी जोडलेला केसांचा पोत किंवा ब्रेड्स म्हणजे वेण्या, लॉक्स म्हणजे दोरासारख्या घट्ट झालेल्या बटा, ट्विस्ट यांवरून भेदभाव करता येत नाही. तुझ्या मैत्रिणीला जे सांगितलं गेलं ते आता तिथे कायद्यात बसत नाही. एक बारकावा मात्र लक्षात ठेव, घरात भाऊ असेल तर त्याच्यासाठी, फेब्रुवारी २०२४ मध्ये टेक्सासच्याच एका न्यायाधीशांनी निकाल दिला की शाळेचा मुलांच्या केसांच्या लांबीचा नियम या कायद्याच्या आड येत नाही. मला तो निकाल पटलेला नाही, पण माहीत हवा.

इंटरव्ह्यूला काय करायचं? आदल्या रात्री ओल्या केसांवर लीव्ह-इन लावून मध्यम जाडीचे ट्विस्ट घाल, पूर्ण सुकू दे, घाई केलीस तर सगळं फुगेल, आणि सकाळी बोटांना थोडं तेल लावून एकेक सोड. याला ट्विस्ट-आउट म्हणतात, तीनचार दिवस टिकतो. एखाद्या दिवशी सरळ हवेच असतील तर धुऊन, हीट प्रोटेक्टंट लावून, पूर्ण सुकलेल्या केसांवर एकदाच इस्त्री, तीही कमी तापमानाला, आणि महिन्यातून एकदापेक्षा जास्त नाही. पाण्याने ते परत वळतात. सारखी सारखी इस्त्री केलीस तर मात्र नाही वळत.

आणि बाबांच्या घरात कुणी आत्या, काकू असेल तर तिला एकदा विचार की तुझं पहिलं रिलॅक्सर कधी झालं आणि सोडलंस कधी. बऱ्याच जणींकडे ही गोष्ट असते, आणि ती तुला माझ्यापेक्षा चांगली सांगेल.

प्रश्न : मी लंडनहून लिहितोय. बायको नायजेरियन आहे, सध्या कामासाठी सहा महिने बाहेर, त्यामुळे आठ वर्षांच्या मुलीचे केस माझ्याकडे. ब्रेड्स घालून आणतो, सोयीचं पडतं, पण कपाळाजवळचे केस विरळ झालेत आणि भांगाशी बारीक पुटकुळ्या आल्यात. ब्रेड्स घातल्यावर दोन दिवस तिला झोप लागत नाही. ब्रेडर म्हणते सवय होईल.

उत्तर : दादा, सवय होऊ द्यायची नाही. दुखणं म्हणजे मूळ ओढलं जातंय, पुटकुळ्या म्हणजे मुळाशी सूज आहे, आणि कडेचे केस विरळ होणं ही त्याची पुढची पायरी. याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात, ओढल्याने पडणारं टक्कल. लवकर सोडलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं तसंच चालू ठेवलं तर मुळं मरतात आणि मग येत नाहीत. आत्ताचे ब्रेड्स आजच सोडा, पुढच्या महिन्याची वाट बघू नका.

दोनेक महिने काही नको, घरचे सैल ट्विस्टच बरे. पुढे ब्रेड्स घालताना जाड पेड, गुडघ्यापर्यंतचं एक्स्टेंशन नको कारण ते वजन मुळालाच पेलायचंय, कपाळाजवळची बारीक बाळलव पेडात ओढायची नाही, आणि घालताना मुलगी 'दुखतंय' म्हणाली की तिथेच थांबून तो पेड सोडायचा. हे तुम्ही खुर्चीशेजारी उभं राहून सांगायचं, तिच्या वयाच्या मुली एकट्या सांगत नाहीत. सहा ते आठ आठवड्यांपलीकडे ठेवायचे नाहीत, मधे टाळू पातळ शाम्पूच्या पाण्याने धुवायची. ब्रेड्सना प्रोटेक्टिव्ह स्टाइल म्हणतात ते टोकं आत लपून राहतात म्हणून, पण घट्ट घातले तर त्यात संरक्षण कसलं. एक्स्टेंशनच्या नकली केसांनी खाज येते, बऱ्याचदा त्यावरच्या लेपामुळे, म्हणून बऱ्याच जणी ते आधी पाण्यात व्हिनेगर घालून भिजवून, धुऊन, वाळवून घेतात. एका महिन्यात सुधारणा दिसली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

बायकोच्या आईला किंवा बहिणीला दोऱ्याने केस बांधायची पद्धत येते का विचारा. योरुबा लोकांत तिला इरुन किको म्हणतात, एकेका बटेला काळा दोरा गुंडाळत जायचं. उष्णता न लावता केस लांब राहतात, गुंता होत नाही, आणि व्हिडिओ कॉलवर शिकता येतं.

प्रश्न : मुलगी स्विमिंगला जाते, आठवड्यातून दोनदा. क्लोरिनने केस झाडूसारखे झालेत. बंद करू का?

उत्तर : अजिबात बंद करू नका, पोहणं हे केसांपेक्षा मोठं आहे. पाण्यात जायच्या आधी शॉवरखाली केस साध्या पाण्याने पूर्ण भिजवा, भिजलेला केस क्लोरिनचं पाणी कमी पितो, वर कंडिशनर थापा, ट्विस्ट घाला आणि मग टोपी. बाहेर आल्या आल्या धुवा, सुकू देऊ नका. आठवड्यातल्या दोन्ही वेळा शाम्पू नको, एका दिवशी क्लोरिन काढणारा सौम्य शाम्पू आणि दुसऱ्या दिवशी नुसतं कंडिशनर. नेहमीची टोपी बसत नसेल तर दाट केसांसाठी मोठ्या टोप्या मिळतात, सोल कॅप त्यातलीच. टोकियो ऑलिंपिकच्या आधी २०२१ मध्ये जागतिक जलतरण संघटनेने ती स्पर्धेसाठी नाकारली होती, खूप ओरड झाली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मान्य केली. त्या ऑलिंपिकला ब्रिटनकडून पोहलेली पहिली ब्लॅक महिला अ‍ॅलिस डिअरिंग, तिचं नाव तुमच्या मुलीला सांगा.

प्रश्न : मुलाचं लग्न ठरलंय, होणारी सून घानाची, शिकागोतच वाढलेली, फार गुणी मुलगी. तिला कमरेपर्यंत लॉक्स आहेत. पुढच्या महिन्यात पहिल्यांदा आमच्याकडे आठ दिवस राहायला येतेय. आमच्याकडच्या एक आजी 'जट आलीये का तिला' असं म्हणाल्या आणि मला फार वाईट वाटलं. मला तिच्याशी केसांबद्दल बोलता येत नाही, काही चुकीचं निघून गेलं तर?

उत्तर : तुम्हाला वाईट वाटलं म्हणजे अर्धं काम झालंय. आजींना आधीच, ती यायच्या आधी, शांतपणे सांगा की जट म्हणजे दुर्लक्षाने किंवा अंधश्रद्धेने तशीच सोडलेली, गुंतून घट्ट झालेली. लॉक्स ठरवून, एकेक भाग आखून घातलेले असतात, नियमित धुतले जातात, मुळाशी दर काही आठवड्यांनी पुन्हा पीळ दिला जातो, आणि कमरेपर्यंत यायला कित्येक वर्षं लागतात. रोज गळणारे केस बाहेर न पडता आतच राहतात, म्हणून ते इतके भरीव दिसतात. त्यात किती रविवार गेलेत ते मला विचारा.

विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, कौतुकाने सुद्धा नाही. तिला लहानपणापासून परक्या माणसांनी केसांना हात लावलेला असतो, दुकानात, बसमध्ये, आणि प्रत्येक जण म्हणतो मला फक्त बघायचं होतं. 'धुता कसे' हा प्रश्नही पहिल्या दिवशी नको, त्यात घाण असेल असं गृहीत धरल्यासारखं होतं. 'सुंदर दिसतायत' एवढं म्हणा, खरं असेल तर, आणि तिथे थांबा. ती डोक्याला कापड बांधून जेवायला आली तर तेही असू द्या. १७८६ मध्ये लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो याने फतवा काढला होता की न्यू ऑर्लिन्समधल्या स्वतंत्र ब्लॅक बायकांनी केस कापडाने झाकायचे, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. त्या बायकांनी भारीतली भारी रंगीत कापडं घेतली, पिसं आणि दागिने लावून अशी बांधली की सगळं गाव वळून बघायला लागलं. घानाकडे तर डोक्याचं कापड पूर्वीपासून थाटाचंच आहे. तेव्हा घरात कुणी 'आजारी आहे का' असं विचारायला नको.

ती राहील त्या खोलीत सॅटिनचे दोन अभ्रे घालून ठेवा, आणि बाथरूममध्ये जास्तीचा एक टॉवेल, गडद रंगाचा, कारण लॉक्स धुतले की सुकायला अख्खा दिवस लागतो. धुवायच्या दिवशी बाहेर जायचा बेत ठेवू नका. यातलं काहीच बोलून दाखवायची गरज नाही, रात्री उशीवर डोकं टेकेल तेव्हा तिला कळेल.